भाव बघणारा माणूस

लेक शिकायला पुण्याला गेली, तेव्हा तिच्या कपाटात मागे राहिलेल्या पसाऱ्यात टॅरोच्या पत्त्यांची एक पेटी निघाली. 78 पानं आणि बारीक अक्षरांतली एक पुस्तिका. "टाकू नकोस गं आई, वापर," ती फोनवर म्हणाली. मी बँकेत नोकरी करणारी बाई. सही जुळल्याशिवाय सख्ख्या भावाचाही चेक पुढे सरकवायचा नाही, अशी सवय. मी कसले भविष्याचे पत्ते वापरणार? "भविष्य कोण बघायला सांगतंय? रोज एक पान काढ, चित्र नीट बघ, दिसेल ते वहीत लिही. आणि ती पुस्तिका अजिबात उघडू नकोस."

तरी मन धजत नव्हतं. जळगावात ज्योतिषाचा विषय निघाला की बहिणाबाई मध्ये येतातच. असोद्याची लेक, जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यातली सून. तिशीच्या आसपास नवरा गेला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईने ज्योतिषालाच माझ्या दारी येऊ नको म्हणून सांगणारी कविता रचली. आता त्यांच्या नावाचं विद्यापीठ असलेल्या गावात आपण रात्री पत्ते पिसत बसायचं, हे काही बरोबर वाटेना.

मग पुस्तिका सोडून इतर थोडं वाचलं. हे पत्ते मुळात खेळायचे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत लोक त्यांच्यावर डाव मांडत; त्यांतून भविष्य बघायची टूम निघाली ती अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. माझ्या हातातला संच 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या पत्त्यांचा. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. त्याआधीच्या बहुतेक संचांत लहान पानांवर आपल्या चौकट-बदामसारख्या नुसत्या खुणा असत. या बाईने बहुतेक पानांवर माणसं आणली. कोणी ओझ्याने वाकलंय, कोणी डोळ्यांवर पट्टी बांधून बसलंय, कोणी नावेतून निघालंय. संच मात्र वर्षानुवर्षं प्रकाशक आणि वेट यांच्याच नावाने विकला गेला. पामेला 1951 साली इंग्लंडमध्ये वारली, हलाखीत. बहिणाबाईही 1951 सालीच गेल्या, डिसेंबरात. त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं 1952 साली. दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण ते वाचल्यावर पेटी उघडायला माझा हात कचरला नाही.

सुरुवातीला वहीत मी बँकेच्या तपासणीचा अहवाल लिहावा तसं लिहायची. 'एक इसम. लाल वस्त्र. हातात काठी. आठ पेले.' या आठ पेल्यांच्या पानाने मात्र घोळ घातला. पुढे पेले रचून ठेवलेत, खाली पाच, वर तीन, आणि वरच्या ओळीत एक पेला मावेल एवढी फट. माणूस आपल्याकडे पाठ करून डोंगराच्या वाटेने निघालाय. वर चंद्र. मी सगळं नोंदवलं आणि शेवटी, का कोण जाणे, लिहून गेले : 'याला कोणी हाक मारत नाहीये.'

पेन ठेवून मी ते वाक्य परत वाचलं. बँकेत दरवर्षी एक फॉर्म येतो, बढतीसाठी इच्छुक आहात का. बढती घेतली की बदली, आणि बदली म्हणजे जळगाव सुटणार. मी दरवर्षी 'नाही' लिहिते आणि कारणाच्या रकान्यात 'सासूबाईंची प्रकृती'. माझी मोठी जाऊबाई शेजारच्या गल्लीत राहते, नवरा स्वयंपाक करतो, सासूबाई माझ्यापेक्षा भरभर जिने चढतात. मला जाऊ नको असं घरात कोणीच म्हटलेलं नव्हतं. मग मी कोणाच्या हाकेला ओ देत होते? त्या रात्री वहीत पुष्कळ लिहिलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

पुढे आखाजीला धुळ्याला माहेरी गेले. ऊन असं की दुपारी आग्रा रोडवर चिटपाखरू नसावं. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. आणि पुरुषांनी पत्ते कुटायचे. एरवी तीन पत्तीचं नाव काढलं तर भडकणारे वडीलधारेही त्या दिवशी ओसरीवर पैसे लावून बसतात. त्यामुळे माझ्या पिशवीतली पेटी फुईच्या, म्हणजे वडिलांच्या बहिणीच्या, नजरेला पडली तेव्हा तिला नवल वाटलं नाही. "ह्या आखाजीना पत्ता शेतस का व?"

मी पानं पसरली. फुईने त्यांतलं एक उचललं आणि चष्म्याजवळ नेलं. सात नाण्यांचं पान. एक तरुण शेतकरी अवजाराच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा आहे; समोर झुडूप, त्याला पिवळी गोल नाणी लगडलेली. हे पान मलाही जळगावात निघालं होतं आणि मी बिनधास्त लिहिलं होतं, 'दमलेला माणूस'.

फुईने मान हलवली. "दमेल नही शे हाऊ. भाव देखी ऱ्हायना."

नाणी तिला बोंडं दिसली होती. पिवळी असली म्हणून काय झालं. कापूस वेचायला आलाय आणि हा विचार करतोय, आता विकू का ठेवू. मग तिचं सुरू झालं. लग्नानंतरच्या एका वर्षी फुवांनी भाव चढेल म्हणून सगळा कापूस घरात भरला. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, लेकरं त्यावर लोळायची आणि रात्रभर अंग खाजवायची. भाव आलाच नाही. मृगाच्या तोंडावर मिळेल त्या दराने विकला. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. माहीत नव्हतं ते पुढचं : दिवाळीलाच विकून टाकावा असं फुईला वाटत होतं, आणि ती बोलली नव्हती. नवी सून, भावाचं तिला काय कळतं, असं कोणीतरी म्हणेल म्हणून. त्या तरुणाच्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, याची बायको चित्रात कुठेच नाही.

नंतर मी एकदाच नियम मोडून पुस्तिका पाहिली. त्या पानापुढे धीर आणि केलेल्या कष्टांचा हिशोब असं काहीसं दिलंय. चौथीनंतर शाळा सुटलेली फुई माझ्यापेक्षा त्याच्या जवळ पोचली होती. पण पुस्तिकेत बायको नाही.

भाचा हे सगळं दाराशी उभा राहून ऐकत होता. तो सैन्यात अधिकारी व्हायची तयारी करतोय. "आत्या, हे तर आमचं टीएटी!" निवड मंडळाच्या परीक्षेत अर्धा मिनिट एक धूसर चित्र दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला लावतात, शेवटचं चित्र तर कोरंच असतं. लिहिणारा नायकाच्या जागी नकळत स्वतःला बसवतो, हा त्यामागचा हिशोब. ही चाचणी हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी 1930च्या दशकात तयार केली. माझ्या वहीला एवढं मोठं कूळ मिळालं याचा मला उगाच अभिमान वाटला.

पानाला काही कळत नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पिसलेल्या गठ्ठ्यातून कुठलंही पान येतं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं चित्र का नको? करून पाहिलं. कॅलेंडरवर देव असतात, नाहीतर गुटगुटीत बाळं. तिथे कोणी पाठ फिरवून निघत नाही. आणखी एक गोष्ट मी पाळते. आलेलं पान आवडलं नाही तरी दुसरं काढायचं नाही. मनासारखं येईपर्यंत काढत राहायचं असेल तर सरळ ज्योतिषाकडे जावं, तो निदान चहा तरी पाजेल. शेजारची बाई मुलाचा व्हिसा होईल का, हे विचारायला आली होती. मी म्हटलं, पान काढ आणि काय दिसतं ते तू सांग. ती रागावली. मीच सांगायचं तर पत्ते कशाला, म्हणाली. पुढे तिने फोनवरून पैसे घेऊन सांगणारी कोणी शोधली, असं कानावर आलं.

यंदा बढतीचा फॉर्म आला तेव्हा मी 'नाही' हेच लिहिलं. मला शाखा आवडते, काउंटरला येणारे म्हातारे पेन्शनर आवडतात, संध्याकाळी मेहरूण तलावावरची फेरी आवडते. कारणाचा रकाना कोरा ठेवला. साहेबांनी बोलावून घेतलं. "मॅडम, कारण राहिलंय. सासूबाईंची तब्येत ना?"

"ठणठणीत आहेत. मला जायचं नाही, एवढंच."

त्यांनी स्क्रीनवर वर-खाली शोधलं. तसा पर्याय कुठे नव्हता. मग माझ्याकडे न बघता त्यांनी 'घरगुती अडचण' निवडलं आणि पुढच्याला आत बोलावलं.