डोके खाली, पाय वर

उन्हाळी सुट्टीतल्या पोहण्याच्या वर्गाबद्दल पालकांचा एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागला : ‘‘मुलांना तोंड पाण्यात घालायला का लावता? घाबरतात ती.’’

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडची रीतच वेगळी. पाठीला सुका भोपळा (माळव्यातला तुंबा) बांधायचा आणि बावडीत ढकलायचे. मान वर काढून हातपाय मारत जो काठाला लागला, तो शिकला! या रीतीला मी नावे ठेवणार नाही. बावडीत, नर्मदेत समोरचे दिसावेच लागते. वॉटरपोलो खेळणारेही मान वर ठेवूनच पोहतात. पण त्यात दम लवकर लागतो, आणि तो का लागतो हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे.

छाती म्हणजे हवेने भरलेली पिशवी, ती तरंगते. कंबर, मांड्या जड, त्या बुडू पाहतात. मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे असते. पाण्यात असेपर्यंत त्याचा भार पाणी पेलते. ते बाहेर काढले की हात पुढे ओढायचे सोडून पाणी खाली दाबू लागतात, पाठ वाकते, कंबर आणि पाय खाली जातात. मग तिरके झालेले सारे अंग पाणी ढकलत राहते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट! म्हणून फ्रीस्टाइलमध्ये नजर तळाकडे, मानेची मागची बाजू सरळ. श्वासासाठी डोके उचलायचे नाही; खांद्यासोबत अंगच कुशीवर वळवायचे, एक डोळा पाण्यातच राहू द्यायचा. उच्छ्वास मात्र पाण्यातच पूर्ण करायचा. बहुतेक मुले श्वास कोंडून धरतात आणि तिथेच घाबरतात.

‘चंदू चॅम्पियन’ हा २०२४ सालचा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. तो सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांच्यावरचा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून या जवानाचे पाय निकामी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले, हे जाता जाता नोंदवतो. पाय मारून अंग वर ठेवण्याची सोय ज्याला नाही, त्याचे सारे काम हात आणि धडानेच व्हायचे. आमची धडधाकट मुले पाय आपटून पाणी उडवतात, तेव्हा मला पेटकर आठवतात.

या वर्षी सहावीतली एक मुलगी दहा दिवस कठडा सोडेना. तिच्या आजींनी घरी बादलीत पाणी भरून तिला तोंड बुडवून बुडबुडे काढायला लावले, रोज, परवचा म्हणून झाल्यावर. अकराव्या दिवशी तिने तोंड पाण्यात घातले आणि आपले पाय आपोआप वर आल्याचे पाहून स्वतःच चकित झाली. आजी कधी तलावात उतरलेल्या नाहीत, पण आमच्या प्रशिक्षकांना जमले नाही ते त्यांनी केले.

माही नदी आपल्या सरदारपूर तहसिलीतच उगम पावते, आणि मोहनखेड्याच्या सहलीत मुले पाणी दिसले की धावतात. तेव्हा पालकहो, मूल पोहायला शिकले तरी नदीवर, बावडीवर त्याला एकटे सोडू नका. विश्वस्त मंडळाकडे माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे : पुढच्या वर्गासाठी एक महिला प्रशिक्षक आणि ३० चष्मे. बादल्या घरोघरी आहेतच.