तळियेचें तयार घर आणि आमचें माळवद

आमचें अंबड हें मत्स्योदरी देवीच्या टेकडीपाशीं वसलेलें जुनें गांव. आमच्या वाड्याच्या मातीच्या भिंती दोन-दोन हात रुंद, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचें माळवद. वैशाखांतल्या दुपारीं या घरासारखा थंडावा दुसरीकडे मिळावयाचा नाहीं. परंतु दोन पावसाळ्यांपूर्वीं मागचा सोपा खचला, आणि तेव्हांपासून धाकट्या चिरंजीवांनीं 'तयार घरा'चा धोशा लावला. भिंती कारखान्यांत करावयाच्या, मालमोटारींतून आणावयाच्या आणि लोखंडी सांगाड्याला बोल्टांनीं आवळून घर उभें करावयाचें! वृद्ध काकूंना हा पत्त्यांचा बंगला वाटला. खरें सांगावयाचें तर मलाही.

गेल्या मार्गशीर्षांत भाचीच्या लग्नानिमित्त महाडास जाणें झालें, तेव्हां मुद्दाम तळियेची वाट धरली. २२ जुलै २०२१ रोजीं मुसळधार पावसांत तेथील कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला व ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. त्या गांवासाठीं म्हाडानें बांधावयास घेतलेलीं घरें याच तयार पद्धतीचीं. एका भिंतीवर हळूच टिचकी मारून पाहिली. आमच्या भिंतीसारखी ती मुकी राहिली नाहीं!

डोंगराळ मुलखांत वाळू, पाणी व गवंडी हीं तिन्ही वेळेवर मिळणें कठीण, आणि पावसाळा तर काम थांबवितोच. म्हणून घराचे सुटे भाग खालीं करून वर नेणें सोयीचें. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हांही वांचलेल्यांना प्रथम चौक गांवाजवळ लोखंडी कंटेनरांच्या खोल्यांतच आसरा मिळाला. मात्र कडाच सुटला तर भिंत हलकी असो वा जड, सारखेंच. तेथें आधीं जागा पारखावयास हवी.

भूकंपाची गोष्ट निराळी. परततांना मला एकसारखी किल्लारीच आठवत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे आमच्याच मराठवाड्यांत हजारो माणसें मेलीं, तीं बहुतेक आपल्याच घराखालीं सांपडून. दगडमातीच्या जाड भिंती व वर मातीचा भार! ज्या जाडीचा आम्हांला इतका अभिमान, तीच तेथें जिवावर उठली. हलकें घर त्या मानानें माणसाला जगूं देतें; फक्त वाऱ्यानें उचलूं नये म्हणून तें पायाशीं घट्ट जखडावें लागतें, आणि आमच्याकडील उन्हासाठीं भिंतींत व छतांत उष्णता रोखणारा थर हवाच.

घरीं येऊन हें सारें सांगितलें. काकूंनीं शांतपणें ऐकून घेतलें व एवढेंच विचारलें, "त्या भिंतींत पाळण्याची कडी कोठें ठोकणार?"

"भिंतींत नव्हे आजी, लोखंडी सांगाड्याला," चिरंजीव म्हणाले.

काकू उठल्या आणि मधल्या खणांत गेल्या. तेथें नातवाचा पाळणा टांगलेला आहे. वरच्या तुळईला वाळवी लागल्याचें आम्ही सर्व जाणून होतों; बोलत कोणीच नव्हतें. त्यांनीं काठीनें तुळई टोकरली, तसा मूठभर भुसा खालीं पडला. त्याच रात्रीं पाळणा पुढच्या ओसरीवर आणला. मागच्या सोप्याचीं मापें घ्यावयास उद्यां माणूस यावयाचा आहे.