बुजलेली हरणी

घोडा बुजला, असे आपण सहज म्हणतो. रस्त्यावर वाऱ्याने कागद उडाला, घोडा बुजला. मोटारीचा भोंगा वाजला, घोडा बुजला. हे बुजणे क्षणाचे असते. कागद दूर गेला की घोडा फुरफुरतो, मान झटकतो आणि पुन्हा आपली वाट चालू लागतो. पण बुजण्याचा आणखी एक प्रकार आहे. कागद केव्हाच उडून गेलेला असतो, तरी भीती मागे राहते. कारण ती रस्त्यावर नसते, जनावराच्या मनात घर करून बसलेली असते. अशा जनावराला मात्र लोक बुजलेले म्हणत नाहीत. ते त्याला खोडील म्हणतात, माजलेले म्हणतात. एकदा नाव चुकले की उपायही चुकतो.

हरणी आमच्या घरी आली तेव्हा तिलाही सारे गाव खोडीलच म्हणत होते.

ते 1964 साल होते आणि मी अकरा वर्षांची होते. आमचे गाव फलटण तालुक्यात, नीरा नदीपासून जवळच. धाकटे काका लष्करातल्या घोड्यांच्या पागेत बारा वर्षे काढून नुकतेच घरी परतले होते. मळा गावापासून दीड कोसावर. तिथे जाण्यायेण्यासाठी हलक्या छकड्याला जुंपता येईल अशी घोडी त्यांना हवी होती. शिमगा झाल्यावर त्यांनी एक कुमैत घोडी बाजारातून अगदी थोड्या पैशांत आणली. अंग गडद तांबूस, आयाळ काळी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. किंमत इतकी कमी का, हे तिला पाहताच कळत होते. दोन माणसांनी दोन बाजूंनी दोर ताणून धरले होते आणि त्यांच्यामध्ये ती घामाने निथळत, डोळ्यांची पांढरी कड दाखवीत उभी होती. आधी ती एका टांग्याला जुंपलेली असे. तिच्या धन्याने तिला कसे वागवले, हे कोणाला विचारावे लागले नाही. छातीवर पट्ट्याने पडलेले घाव होते, तोंडाचे दोन्ही कोपरे लगामाच्या कडीने चिरलेले होते. आणि कोणीही कशासाठीही हात वर केला की ती भिंतीला जाऊन धडकत असे.

आजीने तिचे नाव हरणी ठेवले. काकांनी तिला परसातल्या वाडग्यात सोडले आणि दोर काढून घेतले. अगाडी नाही, पिछाडी नाही. "बांधली नाही तर ती हाताशी येणार कशी?" असे आजीने विचारले. काका म्हणाले, "बांधली तर ती हाताशी येईल, आई, पण ती आली असं मला म्हणता येणार नाही."

तालुक्याहून आलेल्या पशुवैद्यांनी घाव लांबूनच पाहिले. ते वरवरचे होते. त्यांच्यावर पुन्हा पट्टा चढवू नका, जागा कोरडी ठेवा, म्हणजे ते आपोआप भरतील, असे त्यांनी सांगितले आणि तसेच झाले. खरी अडचण होती खुरांची. ते बेसुमार वाढून पुढे वळले होते आणि कडांना तडकले होते. घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखासारखाच; महिन्याकाठी तो सुमारे पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. चालून झिजला नाही, तर दर सहा-आठ आठवड्यांनी कातरावा लागतो. नालबंद महिन्यातून एकदा आमच्या बाजाराला येई. त्याने भिंतीवरून डोकावून पाहिले आणि मान हलवली. "दोन महिन्यांत खूर निघाले नाहीत तर घोडी लंगडेल. लंगडी घोडी कोण पोसणार? उद्या चार गडी द्या, दोरांनी पाडून काम उरकतो."

"दोन महिन्यांनी या," काका म्हणाले, "पण दोर आणू नका."

त्या दोन महिन्यांत काकांनी जे केले ते गावाला काहीच न करण्यासारखे वाटले. रोज ठरल्या वेळी ते पाणी नेत, गवत टाकत, भिजवलेल्या हरभऱ्यांची चंदी ठेवत. वाडग्यात शिरण्यापूर्वी दारातून हलकेच बोलत. मग हरणीच्या थेट समोरून किंवा मागून न जाता, तिच्या खांद्याच्या रोखाने तिरके, सावकाश चालत. तिच्या डोळ्यांत पाहत नसत. तिचे कान ताठ झाले, श्वास अडखळला, की तिथेच थांबत. ती क्षणभर स्थिर राहिली की लगेच पाठ फिरवून चार पावले मागे येत. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. हे सारे मी भिंतीवर बसून पाहत असे. एके दिवशी न राहवून विचारले, "काका, ती पळत नव्हती, मग तुम्ही मागे का आलात?"

"ती पळाली नाही म्हणूनच," काका म्हणाले. "आजवर तिला एकच गोष्ट ठाऊक होती. माणूस येतो आणि थांबत नाही. आता तिला कळायला हवं की ती नुसती कान हलवून 'नको' म्हणाली, तरी माणूस थांबतो. जिचं 'नको' ऐकलं जातं, तीच पुढे कधीतरी 'बरं' म्हणते."

तिरके जाण्याचे कारण मला पुढे पुस्तकांतून अधिक नीट कळले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून मान न वळवता तो जवळजवळ सारे वर्तुळ पाहू शकतो. फक्त कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा त्याला दिसत नाही. हजारो वर्षे वाघ-लांडग्यांपासून पळून जगलेले हे जनावर. जे दिसत नाही त्याची त्याला धास्ती वाटते आणि जे टक लावून सरळ अंगावर येते त्याचीही. आपण मात्र प्रेमाने घोड्याचे नाक कुरवाळायला समोरूनच धावतो!

उन्हाळ्याची सुटी लागली आणि काकांनी मला एक काम दिले. वाडग्याच्या मधोमध पालथ्या पाटीवर बसायचे, हरणीकडे पाठ अर्धी वळवायची आणि मोठ्याने वाचायचे. "काय वाचू?" "काहीही वाच, पण एका सुरात." मी धडे वाचले, कविता म्हटल्या, ते संपल्यावर पाढे म्हटले. पहिले काही दिवस हरणी दूरच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी असे. मग तिचा एक कान माझ्याकडे वळू लागला. घोड्याचे दोन कान दोन वेगळ्या दिशांना वळू शकतात. एक माझ्या पाढ्यांकडे, दुसरा गल्लीतल्या बैलगाडीकडे. अकराव्या दिवशी मी सतराचा पाढा म्हणत असताना मानेवर ऊन वारा लागला. तो वारा नव्हता. भिंतीपलीकडून काकांचा हलका आवाज आला, "वळू नकोस. पाढा सोडू नकोस." सतरा साती एकशे एकोणीस, सतरा आठी एकशे छत्तीस. माझे केस हुंगून हरणी आपल्या पावलांनी परत गेली. त्या दिवशी मला जेवण सुचले नाही.

काका तिला हातावर चंदी देत नसत. भुकेने जवळ येणारे जनावर पोटाने येते, मनाने येत नाही, असे त्यांचे मत होते. पुष्कळ जाणते लोक घास भरवूनच घोड्याला आपलासा करतात, आणि त्यांनाही यश येते. मला काकांचे म्हणणे थोडे कडक वाटते. परंतु घरात त्यांचा शब्द चाले. त्यांच्या सांगण्यावरून आजीने कपडे वाळत घालायची दोरी परसातून पुढच्या अंगणात नेली, कारण लुगडे दोरीवर टाकताना तिचे हात वर जात आणि हरणी थरथरे. "घोडीपायी माझं घर उलटंपालटं झालं," असे आजी चारचौघांत म्हणे. आणि संध्याकाळी हात पदरात गुंडाळून वाडग्याच्या दाराशी तिच्याशी गप्पा मारीत बसे.

गावातले एक जुने टांगेवाले मधूनमधून येत. "दोन दिवस उपाशी ठेवा, तिसऱ्या दिवशी चाबूक दाखवा. खांबासारखी उभी राहील," असे ते सांगत. काका त्यांना चहा देत आणि म्हणत, "राहील. पळायला जागा उरली नाही म्हणून उभी राहील. त्याला मी उभं राहणं म्हणत नाही."

हा वाद फार जुना आहे. सुमारे 2400 वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने घोड्यांवर एक ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, आणि तो एखाद्या वस्तूला भ्याला तर त्याला मारू नये, असे त्याने त्यात बजावले आहे. मार बसला की घोड्याला वाटते, हे दुःख त्या वस्तूनेच दिले. मग भीती दुप्पट होते. त्याच ग्रीकांकडून आलेली सिकंदराच्या घोड्याची कथा तुम्ही ऐकली असेल. ब्युसेफलस कोणालाच आवरेना. लहानग्या सिकंदराने पाहिले की तो स्वतःच्या सावलीला भितो आहे, आणि त्याचे तोंड सूर्याकडे वळवले. हा घोडा पुढे सिकंदराबरोबर आपल्या झेलम नदीपर्यंत आला आणि इ. स. पूर्व 326 मध्ये तिथे मेला. त्या कथेत लोक मुलाचे धाडस वाखाणतात. मला त्याची नजर अधिक मोलाची वाटते. इतके लोक घोडा पाहत होते, सावली एकानेच पाहिली. मात्र ती कथा एका दुपारची आहे. आमची दहा आठवड्यांची.

वैशाखात हरणीने काकांना अंगाला हात लावू दिला. काकांनी तिला थोपटले नाही. आयाळ जिथे संपते त्या उंचवट्याजवळ बोटांनी खाजवले, कारण कळपातले घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. हरणीची मान खाली आली, खालचा ओठ लोंबला, ती तोंड चघळल्यासारखे हलवू लागली. पुढे 1993 साली क्लोडिया फे आणि त्यांच्या सहकारी यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांना नेमके त्याच जागी खाजवले असता त्यांच्या हृदयाचे ठोके मंद होतात, असे त्यांना आढळले. 2016 साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की माणसाचा रागावलेला चेहरा नुसत्या छायाचित्रात पाहूनही घोड्याच्या हृदयाची गती वाढते. काकांनी यांतले काहीच वाचले नव्हते. त्यांनी घोडे पाहिले होते.

मग दोराची पाळी आली. तो प्रथम चंदीच्या घमेल्याशेजारी नुसता पडून राही. पुढे काकांच्या खांद्यावर, मग क्षणभर हरणीच्या मानेवर, आणि ती शांत आहे तोवरच पुन्हा खाली. हात वर करण्याचीही अशीच सवय लावली. आधी कमरेपर्यंत, तोही वाडग्याच्या पार टोकाला उभे राहून. म्होरकी चढायला आणखी आठवडा लागला.

सर्वांत अवघड होते पाय उचलून देणे. नीट विचार करा. पळणे हेच ज्याचे एकमेव संरक्षण, त्याने आपला एक पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा! तीन पायांवर घोडा पळू शकत नाही. काका खांद्यापासून हात खाली नेत. पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत, मग नळीपर्यंत, मग घोट्यापर्यंत. तिने पायावरचा भार हलवला की हात काढून घेत. खूर प्रथम जमिनीपासून सुटला तेव्हा त्यांनी तो 'एक' म्हणण्याइतकाच धरला. अंक मोजायचे काम माझे होते. तीनपर्यंत, दहापर्यंत, पुढे साठापर्यंत. मागच्या पायांना सर्वांत जास्त दिवस लागले.

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर नालबंद आला. दोर आणले नव्हते. काकांनी त्याला हत्यारांची पिशवी बाहेर ठेवायला लावून आधी रिकाम्या हातांनी आत बसवले. अर्धा तास तो कंटाळून बसला. मग त्याने पुढचा डावा खूर हातात घेतला, तो निघाला. दुसरा खूर धरला आणि अर्ध्यावर हत्याराचा करकर आवाज झाला, तशी हरणीने पाय हिसडला. जन्मभर खूर घट्ट धरून ठेवण्याची सवय असलेला तो माणूस. त्याची मूठ आवळली.

"सोडा," काका हळूच म्हणाले.

त्याने काकांकडे पाहिले, हरणीकडे पाहिले आणि पाय सोडला. हरणी दोन पावले मागे सरली. दार उघडेच होते. ती नाक फेंदारून उभी राहिली. कोणी हलले नाही. मी श्वास रोखून मनात अंक मोजत होते. एकतीस झाले तेव्हा तिने मान खाली घातली, नालबंदाचा खांदा हुंगला आणि पुन्हा त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. नालबंद काही बोलला नाही. पण त्यानंतर तो तिचा खूर धरताना हातात कच्चे अंडे घ्यावे तसा धरत होता.

अनोळखी माणसाने हात उचलला की हरणी पुढेही चमकत असे. ती भीती शेवटपर्यंत पूर्ण गेली नाही. त्या दिवशी मात्र चारही खूर निघाले. कातरलेल्या खुरांच्या चकत्या चिखलात पडल्या होत्या. कुत्र्यांना त्या फार आवडतात. आमच्या मोत्याने त्यांतली सर्वांत मोठी, मी जपून ठेवायची ठरवलेली चकती तोंडात धरली आणि धूम ठोकली. मी दोन्ही हात उंच करून ओरडत वाडगाभर त्याच्यामागे धावले. हरणीने एक कान माझ्याकडे वळवला, आणि ती गवत खात राहिली.