रानाचा रंग

आमच्या मंद्रूपचे शिवार देखणे आहे, असे मी परक्याला सहसा सांगत नाही. सपाट काळे रान, मधूनच एखादी बाभळ, आणि माघात पिकत आलेली ज्वारी. रंग म्हणावा तर कडब्याचा! आईला गुडघ्यांमुळे हल्ली रानात जाववत नाही, म्हणून भाच्याने यंदा छायाचित्र काढले आणि संगणकावर रंग चढवून, कडांना धार लावून तिला दाखवले. ती म्हणाली, “छान आहे रे. पण हिला काढणीला अजून महिना आहे. कुणाचं रान हे?”

तिचे वाचन बिनचूक होते. पानांत उरलेला हिरवा अंश रंग वाढवताच वर आला होता. आणि रंग ही तिच्या लेखी शोभा नव्हे, बातमी असते.

धार लावण्याची युक्ती तशी जुनीच. पूर्वी निगेटिव्हवर तिचीच अंधूक उलटी प्रत ठेवून छापीत. आता संगणक कडेची उजळ बाजू अधिक उजळ, गडद बाजू अधिक गडद करतो. नवा तपशील त्यात काडीचा येत नाही. थोडी धार हवीच, कॅमेऱ्यातून चित्र जरा मऊ उतरते. अति झाली की बाभळीभोवती पांढरी रेघ उमटते (तसबिरीतल्या देवाची प्रभावळच म्हणा!), आणि जमिनीच्या नेहमीच्या भेगा दुष्काळातल्या वाटू लागतात.

मार्गशीर्षात हेच रान खरोखर हिरवेगार असते. तेव्हा मात्र भाच्याला पुण्याहून यायला रजा मिळत नाही.