तरस: दिसतं कुत्र्यासारखं, नातं मुंगसाशी

गुजरातमधल्या भावनगरजवळ वेळावदर आहे. जंगल म्हणजे गर्द झाडी असं मनात असेल, तर इथे पहिल्यांदा थोडं चुकल्यासारखं वाटेल. सपाट माळ, वाऱ्यावर हलणारं पिवळं गवत आणि मधेच वेड्या बाभळीची झुडपं. एकेकाळी भावनगरच्या महाराजांचं हे शिकारीचं रान होतं. १९७६ मध्ये इथे काळवीट राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ जेमतेम ३४ चौरस किलोमीटर.

बहुतेक लोक काळवीट पाहायला येतात. पण ऊन उतरल्यावर थोडा वेळ थांबा. झुडपांच्या कडेने खाली मान घालून एक प्राणी निघतो. अंगावर काळे पट्टे, मानेवर उभी आयाळ, पुढचे पाय लांब, मागचे आखूड. हे तरस. गुजरातीत त्याला झरख म्हणतात, हिंदीत लकडबग्घा.

मग हा कुत्रा की मांजर?

पाहताक्षणी कुणीही कुत्राच म्हणेल. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसलाही तसंच वाटलं होतं. १७५८ मध्ये त्याने तरसाला कुत्रा आणि लांडग्याच्या गटात बसवलं, नाव दिलं 'कॅनिस हायना'. पुढे अभ्यासकांनी ते वेगळं काढलं. आज त्याचं नाव 'हायना हायना' आहे आणि कुळही स्वतंत्र आहे.

मांसभक्षी गणाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एकीत कुत्रा, लांडगा, कोल्हा, अस्वल. दुसरीत वाघ, बिबट्या, उदमांजर, मुंगूस. कवटीची रचना आणि डीएनए पाहिले, तर तरस या दुसऱ्या शाखेत येतं. त्यातही वाघापेक्षा मुंगूस त्याला जास्त जवळचं!

मग ते कुत्र्यासारखं का दिसतं? उघड्या माळावर रोज मैलोन्मैल चालायचं, तर तसेच पाय लागतात. मांजरासारखी नखं आत ओढून घेणं त्याला जमत नाही. जगण्याची रीत सारखी असली की बांधाही सारखा होत जातो, मग नातं असो वा नसो.

या कुळात आज फक्त चार जाती उरल्या आहेत. 'हसणारं' तरस म्हणून टीव्हीवर दिसतं ते आफ्रिकेतलं ठिपकेदार. चौथा भाऊ, आर्डवुल्फ, तर मुख्यतः वाळवीवर जगतो. भारतात फक्त पट्टेदार तरस आहे, आणि ते बहुधा गप्पच असतं.

माळाचा सफाई कामगार

मेलेली जनावरं खाणं हे तरसाचं मोठं काम. त्याचे जबडे इतके दणकट, की गिधाडांनी टाकून दिलेली हाडंही ते फोडून खातं. त्यामुळे त्याची विष्ठा वाळली की पांढरी दिसते. रोगराई पसरू न देणाऱ्या या प्राण्याला आपण मात्र चेटकिणीचं वाहन ठरवलं. भीतीपोटी लोक त्याला मारतात.

आणखी एक वर्गीकरण त्याला महागात पडतं, ते म्हणजे त्याच्या घराचं. आपल्याकडे कितीतरी माळरानं कागदोपत्री 'पडीक जमीन' असतात. पडीक म्हटलं की तिथे कारखाना उभा करा, नाहीतर झाडं लावा, कुणाला वाईट वाटत नाही. पण झाडं लावली तरी गवत मरतं, आणि गवताबरोबर काळवीट, लांडगा, तरस सगळेच जागा गमावतात. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या माळांवरही तरस आहे, आणि प्रश्नही हाच आहे.

लिनियसची नोंद चुकली, तरी त्याने एकही तरस मेलं नाही. जमिनीची नोंद चुकली, तर तसं म्हणता येत नाही.

जायचं असेल तर: हिवाळा सर्वात चांगला. त्या दिवसांत हॅरियर जातीचे शिकारी पक्षी रात्रीच्या मुक्कामाला गवतात उतरतात. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. सोबत दुर्बीण ठेवा आणि शेवटची फेरी संध्याकाळची घ्या.