सात लाखांची मंजुरी

आमच्या गावाला मोटारींचे भारी वेड. 2010 च्या ऑक्टोबरात येथल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन, घासाघीस करून, सुमारे 150 मर्सिडीज एकदम घरी आणल्या, तेव्हा साऱ्या देशात औरंगाबादची चर्चा झाली. आता गावाचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले; पण जालना रोडवरून जाताना ती हवा अजून अंगाला लागते. अशा गावात पहिली मोटार घ्यायची तर माणसाने मन घट्ट करूनच घराबाहेर पडावे. गेल्या वर्षी मी तसा पडलो नाही, त्याची ही हकीकत.

मोटार हवी होती आईसाठी. तिचे गुडघे रिक्षात चढू देत नव्हते आणि पैठणला नाथांच्या दर्शनाला जायचे तिने मनात धरले होते. घरात 7 लाखांचा आकडा ठरला. दसऱ्याच्या आधी मी आणि सौ. एका शोरूममध्ये गेलो. तेथल्या तरुणाने सरबत दिले, एका उंच, ऐसपैस गाडीत बसवले आणि किमतीचे नावही न काढता विचारले, “साहेब, महिन्याला किती जमेल?” वर, दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा तर पैसे आजच भरावे लागतील म्हणे! माझा हात खिशाकडे गेला. सौभाग्यवतींनी डोळे वटारले म्हणून रिकामा परत आला.

रविवारी मुंबईहून मेहुणे आले. पाहुण्याला बीबी का मकबरा दाखवणे हा आमचा नगरधर्मच! पाहताक्षणी मेहुणे म्हणाले, “हा तर गरिबांचा ताज!” मला मात्र त्या दिवशी तो निराळाच दिसला. ही औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरस बानूची कबर. मुलगा आझमशहा याने आईसाठी ती उभारली असे सांगतात. मंजुरी होती म्हणे 7 लाखांची, आणि खर्च झाला 6,68,203 रुपये 7 आणे! तळाच्या भागाला आणि घुमटाला संगमरवर. मधे काळा दगड, त्यावर चुन्याचा सुबक गिलावा. नजर ठरेल तिथे संगमरवर, बाकी चुना. साडेतीनशे वर्षे झाली, इमारत उभी आहे.

घरी येताच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. 10 लाखांचे कर्ज, 9 टक्के व्याज, 7 वर्षे. हप्ता सुमारे 16 हजार. ऐकायला गोड, पण 84 हप्त्यांची बेरीज निघाली साडेतेरा लाख! शिवाय नोंदणीचा कर आणि विमा वेगळाच.

मग मुहूर्ताला रामराम ठोकला. 150 गिऱ्हाईके जमवणे आपल्या हातचे नाही, पण तीन शोरूममधून सगळ्या खर्चासह लेखी आकडे आणणे तर आहे! तेवढे केले. शेवटच्या फेरीला आईलाच बरोबर नेले. उंच गाडीच्या पायरीवर तिचा पाय पोचेना. शेजारच्या लहान गाडीत मात्र ती आधी टेकली, मग सावकाश पाय आत घेऊन ऐटीत बसली. ज्याच्यासाठी मोटार, त्याला विचारायचेच आम्ही विसरलो होतो!

सगळे धरून खर्च आला 6 लाख 80 हजार. मार्चमध्ये पैठणला निघालो, तेव्हा उरलेल्या 20 हजारांचा हिशेब मी मोठ्या अभिमानाने आईला ऐकवला.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बरं झालं. आता त्यात पेट्रोल भर, आणि पुढच्या महिन्यात तुळजापूरला ने.”