आकडा मागाहून

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आणि विद्यार्थ्यांच्या वह्या वाचणे मला कठीण झाले, तेव्हापासून उदाहरणे तपासण्याऐवजी ऐकण्याचा प्रघात मी पाडला. विद्यार्थ्याने शेजारी बसावे, आपली रीत ओळीओळीने मोठ्याने वाचावी, आणि मी ती मिटल्या डोळ्यांनी मनात मांडीत जावे. पदार्थविज्ञान शिकविण्यात हयात गेल्यावर या वयात त्याच त्या उदाहरणांत काही नवे गवसेल अशी माझी अपेक्षा नव्हती. परंतु पानावर जे डोळ्यांना सारखेच दिसत असे, त्यातील भेद कानांनी तत्काळ पकडला. अक्षरांत सोडविलेले उदाहरण ऐकताना प्रत्येक पद कोठून आले ते अखेरपर्यंत कळत राहते. पहिल्याच ओळीत आकडे घातलेले उदाहरण मात्र, पक्षकारांची नावे खोडून केवळ रकमा शिल्लक ठेवलेल्या दस्तऐवजासारखे होते.

हे ज्या उदाहरणापाशी लख्ख ध्यानी आले ते जुनेच आहे : जमिनीवर घट्ट बसविलेल्या गुळगुळीत अर्धगोलाच्या माथ्यावरून किंचित ढळलेला कण पृष्ठभाग कोठे सोडतो? शेजारी बसलेल्या मुलीने त्रिज्या दिल्याप्रमाणे १.५ मीटर घेतली होती, गुरुत्वत्वरण ९.८ घेतले होते, आणि सुटण्याच्या क्षणीच्या वेगाचा वर्गही ९.८ आला तेव्हा ती मोठ्या समाधानाने म्हणाली, "सर, म्हणजे इथे व्ही वर्ग बरोबर जी असतो." तिचे अंकगणित निर्दोष होते. वेगाचा वर्ग दोन-तृतीयांश जी आर एवढा येतो, आणि आर दीड असला की दोन-तृतीयांश आणि दीड एकमेकांस नाहीसे करतात, एवढाच तो योगायोग. आर हे अक्षर अखेरपर्यंत उभे असते, तर वेगाच्या वर्गाला त्वरणाशी समान मानण्यापूर्वी तिच्याच जिभेने तिला अडविले असते, कारण त्या दोहोंमध्ये एका लांबीचे अंतर आहे. ती लांबी दीड या आकड्यात विरघळून गेली आणि योगायोगाला नियमाची प्रतिष्ठा लाभली.

या उदाहरणाभोवती मी आजवर किती घिरट्या घातल्या असतील! ऊर्जेच्या अक्षय्यतेने येथे एकच विधान हाती येते : व्ही वर्ग बरोबर दोन जी आर, गुणिले एक वजा कॉस थीटा; थीटा हा उभ्या रेषेपासून मोजलेला कोन. वस्तुमान दोन्ही बाजूंस सारखेच असल्यामुळे प्रारंभीच निघून जाते. पण अज्ञात राशी दोन, आणि विधान एक. म्हणून केवळ ऊर्जेच्या बळावर हे उदाहरण सुटत नाही. पृष्ठभागाची अभिलंब प्रतिक्रिया गतीला सदैव लंब, त्यामुळे ती कार्य करीत नाही, आणि म्हणून ऊर्जेच्या समीकरणात तिचा नामनिर्देशही नसतो. तरीही अखेरचा फैसला तीच करते, कारण ती शून्य होते तो क्षण हाच कण सुटण्याचा क्षण. त्या क्षणी जी कॉस थीटा बरोबर व्ही वर्ग भागिले आर, एवढे लिहिले की कॉस थीटा दोन-तृतीयांश येतो, म्हणजे माथ्यापासून त्रिज्येचा तिसरा हिस्सा खाली उतरताच कण सुटतो; आणि येथे वस्तुमानापाठोपाठ त्रिज्याही जाते व प्रत्यक्ष जी देखील जाते. चंद्रावर गुरुत्वत्वरण येथल्या सुमारे एक-षष्ठांश आहे. तेथे हाच कण मंद वेगाने उतरेल, पण सुटेल त्याच ठिकाणी, उभ्या रेषेपासून सुमारे ४८ अंशांवर. ज्याने आरंभीच ९.८ लिहिले त्याला ४८ अंश हे उत्तर मिळते. मात्र त्या उत्तरात पृथ्वीचा काडीमात्र वाटा नाही ही गोष्ट त्याला कधीच कळत नाही.

मग विद्यार्थी अक्षरांत का राहत नाहीत? आळस हे त्याचे कारण नव्हे. अनेक वर्षे ऐकून माझे मत असे बनले आहे की, ज्याच्यापुढे आकडा आहे ते ज्ञात आणि ज्याच्यापुढे नाही ते अज्ञात, या एकाच खुणेवर त्यांची सारी भिस्त असते. ती खूण काढून घेतली की दिलेले अक्षर कोणते, शोधावयाचे कोणते, आणि वस्तुमानासारखे, न दिलेले व न विचारलेले, केवळ येऊन जाणारे कोणते, हे त्यांना उमगेनासे होते. "सर, वस्तुमान दिलेलेच नाही" ही तक्रार मी प्रत्येक वर्गात ऐकली आहे. ज्ञातांना पांढरा व अज्ञातांना पिवळा खडू वापरून पाहिला. आरंभी यादी करावयास लावून पाहिली. यादी नेमाने होऊ लागली आणि तिच्याखाली लगेच ९.८ अवतरू लागले. अलीकडे रीत आरंभण्यापूर्वीच मी विचारतो, "त्रिज्या दुप्पट केली तर काय बदलेल?" या प्रश्नाने काहींचा हात थबकतो. सर्वांचा थबकत नाही, आणि ही अडचण माझ्याने पुरती सुटलेली नाही.

खासगी शिकवण्यांनी हे दुखणे अधिक बळावले, असे माझे स्पष्ट मत आहे. चार पर्यायांतून एक आकडा निवडावयाचा असेल तर तेथे सूत्र पाठ करणे फायद्याचे ठरते. उभ्या वर्तुळाकार मार्गाला कमीत कमी अडीच त्रिज्या उंची लागते, हे पाठ केलेला मुलगा घरंगळणाऱ्या भरीव गोलालाही तीच अडीच त्रिज्या बहाल करतो, फिरण्यात खर्ची पडणाऱ्या ऊर्जेची त्याला दादही नसते. लायब्निट्सने १६८६ साली वेगाच्या वर्गाचा पक्ष मांडला तेव्हापासून विद्वानांनी दीर्घकाळ ज्यावर वाद घातला, आणि लाग्रांजने १७८८ साली एकही आकृती न काढता ज्या शास्त्राचा अक्षरांत ग्रंथ रचला, त्याची तयार सूत्रांची चोपडी व्हावी, याचा मला मनापासून संताप येतो.

माझा अहंकारही येथे नमूद केला पाहिजे. फळ्यावर दोन्ही बाजूंचे वस्तुमान एकाच लांब रेघेने खोडताना वर्ग निःशब्द होई, आणि त्या शांततेचा मला लोभ होता. उदाहरणे निवडताना अक्षरे सुबकपणे निघून जातील अशीच मी पुढे करीत असे. सहकाऱ्याचे पानभर उत्तर पाहून आपले तीन ओळींचे उत्तर श्रेष्ठ, असे मला वाटे. आजही वाटते. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाला मर्यादा आहेत हे मी जाणतो : तो वेगाचा वर्ग देतो, दिशा सांगत नाही, किती काळ लागला हेही सरळ सांगत नाही. आकड्याचेही मला वैर नाही, कारण अखेरीस परिमाणाचा अंदाज त्यावाचून येत नाही. त्याने मागाहून यावे, एवढाच माझा आग्रह.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे : दर वर्षी एक तरी उदाहरण असे घाला की ज्यात एकही आकडा दिलेला नाही, आणि त्याचे गुण अखेरच्या उत्तराला न देता, ऊर्जेचे पहिले समीकरण अक्षरांत मांडणाऱ्या ओळीला द्या.